कुसळी : डोंगरउतारावरचे गवत आणि विळ्याची वेळ

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मुसळ घराघरांतून हद्दपार होत चालले. कुसळ मात्र आहे तिथेच आहे. दिवाळीनंतर डोंगराच्या वाटेने कोस-अर्धा कोस चालून या, धोतराचा सोगा, लुगड्याचा काठ किंवा पोरांच्या विजारी त्याने भरून जातील. घरी आल्यावर ओट्यावर बसून ते एकेक उपटावे लागते. उपटताना ते सरळ निघत नाही, उलट आतच शिरते, हा अनुभव कुणाला नाही?

या कुसळाचे गवत ते कुसळी. पुणे-सातारा रस्त्यावर किकवीच्या आसपास उभे राहिले, की दोन्ही अंगांना जे मुरमाड उतार दिसतात, त्यांवर हेच गवत पुष्कळ ठिकाणी माजलेले असते. पावसाळ्यात हिरवे, आश्विनात तांबूस आणि पुढे वाळून पिवळट. त्याची ओळख करून घ्यायची ती केवळ हौस म्हणून नव्हे. आपल्या डोंगराचा चारा चांगला निघणार की वाया जाणार, हे बऱ्याच अंशी या एका गवताशी आपण कसे वागतो यावर ठरते. तेव्हा आधी गवत पाहू, मग त्याची भावकी कुठे कुठे नांदते ते पाहू आणि शेवटी आपण काय करावे याचा विचार करू.

ज्वारीची चुलत बहीण

गवतांचे कुळ फार मोठे. भात, गहू, बाजरी, बांबू ही सारी त्याच कुळातली. या कुळात ज्या अनेक शाखा आहेत, त्यांतल्या एका शाखेत ऊस, ज्वारी आणि मका येतात. कुसळी त्याच शाखेतली आहे. म्हणजे आपल्या शेतातली ज्वारी आणि डोंगरावरची कुसळी या चुलत बहिणी म्हणायला हरकत नाही. दोघींनाही कडक ऊन सोसते, आणि उन्हाचा उपयोग करून थोड्या पाण्यात जास्त अन्न तयार करण्याची एक खास रीत या शाखेला साधलेली आहे. ज्या उतारावर वीतभरसुद्धा माती नाही, तिथे कुसळी गुडघाभर ते कमरेएवढी वाढते, त्याचे एक कारण हे.

कुसळीचे ठोंब असतात. एका ठोंबातून पुष्कळ काड्या निघतात. वरची काडी दर वर्षी वाळली तरी ठोंबाचा गड्डा जमिनीलगत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटतो. हे बहुवर्षायू गवत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

श्रावण सरता सरता काडीच्या टोकाला कणीस येते. ते बोटाएवढे लांब, एका अंगाला झुकलेले असते. त्यात लहान लहान कणिशके, म्हणजे कणसातली कणसे, जोडीजोडीने बसवलेली असतात. नीट पाहिले तर कणसाचे दोन भाग दिसतात. खालच्या भागातल्या जोड्यांना कुसळे नसतात. त्यांत दाणाही धरत नाही. वरच्या भागात मात्र प्रत्येक जोडीतले एक कणिशक बिनकुसळाचे आणि दुसरे कुसळाचे. दाणा धरतो तो या कुसळाच्या कणिशकात. एकाच कणसात असे दोन तऱ्हांचे नमुने पाहून पर्सून या शास्त्रज्ञाने १८०७ साली या प्रजातीला ‘हेटेरोपोगॉन’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हेटेरोस’ म्हणजे भिन्न आणि ‘पोगॉन’ म्हणजे दाढी. भिन्न दाढीचे गवत, असा अर्थ झाला.

आपल्या नेहमीच्या कुसळीचे पुरते शास्त्रीय नाव ‘हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस’. यातला ‘कॉन्टॉर्टस’ हा शब्द त्याहून जुना. स्वीडनच्या लिनियसने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात हे गवत भारतातले म्हणून नोंदवले आणि त्याला पिळलेले या अर्थाचे हे विशेषण लावले. नाव अगदी चपखल आहे. कणीस पिकले की सगळी कुसळे टोकाशी एकमेकांत गुंततात आणि दोरखंडाला पीळ द्यावा तसा त्यांचा पीळ बनतो. दुरून पाहिले तर प्रत्येक काडीच्या डोक्यावर काळपट शेंडी बांधल्यासारखी दिसते. अमेरिकेत या गवताला गुंतलेल्या डोक्याचे गवत अशा अर्थाचे नाव आहे, तर ऑस्ट्रेलियात काळे भालागवत म्हणतात. एकाने शेंडी पाहिली, दुसऱ्याने टोक.

कुसळ जमिनीत कसे शिरते

आता एक पिकलेले कुसळ तळहातावर घ्या. खालच्या टोकाला दाणा आहे. दाण्याखाली सुईसारखे अणकुचीदार टोक असून त्यावर तांबूस राठ केस आहेत. या केसांची दिशा पाहा. ते सगळे मागे वळलेले आहेत. बोट टोकाकडून मागे फिरवले तर गुळगुळीत लागते, उलटे फिरवले तर खरखरते. गळाला मासा लागला की सुटत नाही, तशीच ही रचना आहे. आत जायला वाट मोकळी, बाहेर यायला अडसर.

दाण्याच्या वरून कुसळ निघते. ते दाण्याच्या कितीतरी पट लांब, बोटाएवढे असते. त्याचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला, मग एक गुडघा, पुढे आणखी एक गुडघा आणि शेवटी सरळ केसासारखा शेंडा. हे सारे यंत्र कशासाठी?

पिळलेल्या भागातल्या पेशींच्या भिंतींत अतिसूक्ष्म तंतू मळसूत्राप्रमाणे तिरपे गुंडाळलेले असतात. हवा दमट झाली की भिंती पाणी शोषून फुगतात आणि पीळ सुटू लागतो. ऊन लागले की त्या आक्रसतात आणि पीळ पुन्हा बसतो. रात्री दव पडते, सकाळी ऊन येते. म्हणजे रोज एकदा पीळ सुटणार आणि एकदा बसणार. यात दाण्याचा जीव कामाला येत नाही. वाळलेले, मेलेले कुसळसुद्धा हे काम करते, कारण हे नुसते पाणी शोषण्याचे आणि सोडण्याचे काम आहे.

जमिनीवर पडलेल्या कुसळाचा सरळ शेंडा एखाद्या खड्याला किंवा काडीला अडकतो. शेंडा हलू शकत नाही, म्हणून पीळ सुटताना दाणाच फिरतो. सुताराचे गिरमिट लाकडात शिरावे तसे त्याचे टोक मातीच्या भेगेत शिरते. पीळ उलटा फिरला तरी मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. अशा रीतीने काही दिवसांत दाणा आपला आपण पेरला जातो. चार्लस डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने १८७६ साली अशाच कुसळाच्या एका दुसऱ्या गवतावर प्रयोग करून हा उलगडा केला होता.

म्हणजे आपल्या सोग्यात कुसळ आत आत शिरते ते आपल्यावर राग धरून नव्हे. त्याच्या लेखी आपले धोतर, मेंढीची लोकर आणि मातीची भेग सारखीच.

भावकी कुठे कुठे

कुसळीच्या या प्रजातीत जगभर मिळून पाच-सहाच जाती मानतात. कुटुंब लहान, पण त्यातली एक जात फार फिरस्ती निघाली. ती म्हणजे आपली नेहमीची कुसळी. साऱ्या भारतात, आफ्रिकेत, मादागास्करात, अरबस्तानात, चीनमध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेतल्या ॲरिझोना, टेक्सास आणि मेक्सिकोच्या कोरड्या भागात, एवढेच काय, इटली-स्पेनसारख्या भूमध्य समुद्राकाठच्या उन्हाळ मुलखातही ती आहे. हवाई बेटांतले लोक तिला ‘पिली’ म्हणतात, आणि पूर्वी तिथली घरे याच गवताने शाकारलेली असत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना यात नवल वाटणार नाही. कौले आणि पत्रे येण्यापूर्वी आपल्याही गोठ्यांवर आणि छपरांवर वाळलेली कुसळी चढत होतीच. जे गवत जनावर खात नाही ते छपराला टिकते, हा साधा हिशेब समुद्रापलीकडेही तोच.

बाकीच्या जाती मात्र आपापला मुलूख धरून आहेत. ‘ट्रिटिसियस’ म्हणजे गव्हासारखी दिसणारी जात. रॉबर्ट ब्राउनने १८१० साली ती ऑस्ट्रेलियातून वर्णन केली. उत्तर ऑस्ट्रेलियापासून आग्नेय आशिया आणि भारतापर्यंत ती पसरलेली आहे. उंची पुरुषभर आणि त्याहून जास्त. ‘मेलॅनोकार्पस’ म्हणजे काळ्या फळाची. हिच्या कणसावर बारीक ग्रंथी असतात आणि कणीस चुरगळले तर गवती चहाच्या जातीचा सुवास येतो. ‘फिशेरियानस’ ही दुर्मीळ जात तमिळनाडूच्या दक्षिणेकडील डोंगरांतली.

आपल्या दृष्टीने विशेष अशा दोन जाती आणखी आहेत. एक ‘पॉलिस्टॅकिऑस’, म्हणजे पुष्कळ कणसांची. सह्याद्री आणि त्याखालची पश्चिम किनारपट्टी हे तिचे घर. दुसरी ‘रिची’. बेळगावकडे वनस्पती गोळा करणाऱ्या डॉक्टर रिची यांचे नाव तिला मिळाले. तीही सह्याद्रीच्या डोंगरांची रहिवासी आहे. या दोन्हींची नोंद घेणारे ‘द बॉम्बे ग्रासेस’ हे पुस्तक १९३५ साली निघाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्लस मॅकॅन यांनी ते लिहिले. ब्लॅटर त्याच्या आदल्या वर्षीच पुण्यात वारले होते. आपल्या भागातली गवते ओळखू पाहणाऱ्याला आजही या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

कोणती जात कुठे वाढते यामागे पाऊस आणि माती या दोनच गोष्टी मुख्य असतात. हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. किकवीहून निघून कापूरहोळला यावे, भोरचा रस्ता धरावा आणि हिर्डोशीवरून वरंध घाटाच्या तोंडापर्यंत जावे. एका दिवसाचा हा प्रवास म्हणजे गवतांचे उघडे पुस्तक आहे. किकवी-शिरवळकडे पाऊस बेताचा. तिथे मुरमाड उतारावर कुसळी. उतार संपून नीरा-गुंजवणीकाठची काळी, खोल जमीन लागली की बांधावर आणि पडीक तुकड्यांवर मारवेल दिसू लागते. मारवेलीला ओलावा धरणारी जमीन हवी. कुसळीचे तसे नाही, तिला निचरा हवा. भोर ओलांडून पश्चिमेला जावे तसा पाऊस वाढत जातो, नाचणी-वरीची शेते लागतात, झाडी दाट होते. उघड्या, कोरड्या उतारांवर कुसळी भेटत राहते, पण घाटमाथ्यावर धो धो पावसात तिचा जोर राहत नाही. तिथे इतर गवतांचे राज्य सुरू होते. वेल्ह्याकडे राजगड-तोरण्याच्या बाजूने गेलात तरी हाच क्रम थोड्याफार फरकाने दिसेल.

गवतावरून डोंगराची नाडी

आता मुद्द्याची गोष्ट. देशभरच्या कुरणांची पाहणी १९५४ ते १९६२ या काळात झाली आणि तिच्यावर आधारलेले ‘भारताचे गवती आच्छादन’ या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक दबडघाव आणि शंकरनारायण या दोघा शास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी देशातील कुरणांचे पाच मुख्य प्रकार पाडले. आपले दख्खनचे पठार ज्या प्रकारात येते, त्याला त्यांनी शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय प्रजातींचे जोडनाव दिले. याचा अर्थ असा की आपल्या डोंगरांना नीट राखले, तर तिथे मुख्यत्वे ही दोन उत्तम चाऱ्याची गवते नांदावीत.

मग कुसळी एवढी कशी? याचे उत्तर चराईत आहे. गुरे आधी चांगले गवत खातात. मारवेल आणि शेडा वारंवार ओरबाडले गेले की त्यांचे ठोंब खचतात, दाणा पडत नाही आणि जागा रिकामी होते. त्या जागेत कुसळी येते. तिचे कणीस पिकू लागले की गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून ती वाचते आणि पसरते. चराई आणखी वाढली की कोवळेपणीच कुसळीचाही फडशा पडतो. मग उरते ते तीन फाट्यांच्या कुसळाचे बारीक, निःसत्त्व गवत. त्याच्या प्रत्येक दाण्याला तीन कुसळे असतात, त्यावरून ते लगेच ओळखता येते. त्याच्या खालची पायरी म्हणजे उघडा मुरूम.

म्हणून डोंगराकडे पाहताना ही शिडी मनात ठेवावी. मारवेल, शेडा दिसले तर डोंगर ठणठणीत आहे. कुसळी माजली असेल तर एक पायरी खाली आला आहे, पण हातचा गेलेला नाही. तीन कुसळांचे गवत दिसू लागले की समजावे, दुखणे बळावले. यातूनच आणखी एक गोष्ट निघते. उघड्या पडलेल्या उतारावर कुसळी येऊ लागली तर ती शत्रू समजून उपटून टाकू नये. तिचे ठोंब माती धरून ठेवतात. ज्याला वर चढायचे आहे त्याला ही मधली पायरी लागतेच.

काडेपेटी कुणाच्या कामी येते

फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे डोंगर पेटतात. काही वणवे निष्काळजीपणाने लागतात, विडीच्या थोटकाने किंवा बांध जाळताना. पण काही मुद्दाम लावलेले असतात, हे आपण जाणतो. लावणाऱ्याची समजूत अशी असते की जुने गवत जळले म्हणजे पुढचे चांगले येते. या समजुतीला काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. जळालेल्या डोंगरावर पहिल्या वळवाने हिरवे कोंब लवकर फुटतात, हे डोळ्यांना दिसते. प्रश्न एवढाच विचारायचा की हे कोंब कोणत्या गवताचे?

ते बव्हंशी कुसळीचे असतात. कारण आता आपल्याला ठाऊक आहे. गवताची आग वरून झपाट्याने निघून जाते, मातीच्या आत तिची धग फार खोल पोचत नाही. कुसळीचे दाणे कार्तिकापासूनच गिरमिटासारखे जमिनीत शिरून बसलेले असतात, म्हणून ते सुरक्षित राहतात. तिचे ठोंबही जमिनीलगत जिवंत असतात. वर पडून राहिलेले इतर गवतांचे दाणे मात्र होरपळतात, झाडांची रोपटी मरतात, पालापाचोळ्याचे आच्छादन जाते. मग मोकळ्या झालेल्या जागेवर कुसळीशी स्पर्धा करायला कोणी उरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात, जिथे हजारो एकरांची गुरांची राने याच गवताची आहेत, तिथेही हेच दिसून आले आहे की आगीमुळे हे गवत टिकते आणि वाढते.

तेव्हा वणवा लावणारा माणूस डोंगर साफ करत नसतो, तो कुसळी पेरत असतो. आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. उघड्या उतारावर मृगाचा पहिला पाऊस आपटतो, माती ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात. हजारो वर्षांत जमलेली वीतभर माती दहा-वीस वणव्यांत संपू शकते. ती गेल्यावर मारवेल लावायची म्हटले तरी कशात लावणार?

विळा केव्हा चालवावा

कुसळी वाईट गवत आहे का? मुळीच नाही. ती कोवळी असताना गाय, बैल, म्हैस, शेळी सारे आवडीने खातात. कणीस बाहेर पडू लागते त्या सुमारास तिच्यात सत्त्वही चांगले असते. पुढे काडी राठ होते, सत्त्व उतरते आणि कुसळे पिकली की ती चाराच राहत नाही. गुरांच्या हिरड्यांत आणि जिभेखाली कुसळे रुततात, तोंडे येतात. मेंढ्यांचे हाल तर विचारू नका. फलटण, माण, बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा वाटेवरच्या डोंगरांवर नेमकी कुसळे पिकलेली असतात. ती लोकरीत अडकतात, दव-उन्हाने फिरत फिरत कातडीत शिरतात, जखमा होतात. लोकर खराब, कातडे खराब आणि कोकराचे डोळे धोक्यात. म्हणीतले कुसळ त्या मुक्या जिवांच्या डोळ्यात खरोखरच जाते.

म्हणजे गवत एकच. भाद्रपद-आश्विनात कापले तर चारा, कार्तिकात कापले तर काटे. फरक महिन्या-दीड महिन्याचा. हे शेतकऱ्याला ठाऊक नाही असे नव्हे. पण त्याची अडचण खरी आहे, ती समजून घेतली पाहिजे. गवत कापण्याची जी नेमकी वेळ, त्याच वेळी हळव्या भाताची कापणी येते, भुईमूग काढायचा असतो, रब्बीची तयारी असते. माणसे मिळत नाहीत. दुसरे असे की तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. कापलेले गवत भिजले तर काळे पडते, बुरशी धरते. म्हणून सगळे जण म्हणतात, दिवाळी होऊ दे, मग बघू. दिवाळी होते आणि कुसळेही होतात.

यातून वाट काढता येते, आणि ती एकट्याने काढण्यापेक्षा वाडीने मिळून काढलेली बरी. चार-पाच गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, सगळा डोंगर एकदम कापण्याचा हट्ट धरू नये. उताराचे तुकडे करावेत. घराजवळच्या तुकड्यातले गवत कणीस येण्याआधीच रोज भारा-भारा कापून ओले घालावे. एकदा कापलेल्या ठोंबाला ओल असेतो पुन्हा फूट येते आणि ती कोवळी असते.

दुसरी, पावसाची उघडीप पाहून कापावे आणि कापलेले गवत जागेवर पसरून न ठेवता छोट्या पेंढ्या बांधून बांधावर, दगडांवर किंवा तिकाटण्यावर उभ्या कराव्यात. वारा लागला की त्या लवकर वाळतात. पुरत्या वाळल्याशिवाय गंजी रचू नये.

तिसरी, जिथे वाळवणे जमतच नाही तिथे कोवळ्या गवताचा मुरघास करता येतो. गवत बारीक तोडून, दाबून, हवा लागणार नाही असे झाकून ठेवायचे, एवढेच त्याचे सूत्र. आता खड्ड्याशिवाय जाड प्लास्टिकच्या पिशव्यांतही तो करतात.

चौथी, डोंगराचा एक भाग पाळीपाळीने राखावा. एक वर्ष एका भागात जनावर सोडायचे नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या. राखलेल्या भागात मारवेलीला आणि शेड्याला दाणा धरून तो पडायला सवड मिळते. जिथे बऱ्यापैकी माती आहे तिथे पावसाच्या सुरुवातीला मारवेलीचे ठोंब लावावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलीचे सुधारलेले वाण काढले आहेत. बांधावर लावायला ते सोयीचे पडतात.

पाचवी, वणव्याच्या दिवसांपूर्वी राखलेल्या भागाभोवती गवत कापून चार-सहा हात रुंद पट्टा मोकळा करावा. हे काम पौष-माघात झाले पाहिजे, धूर दिसल्यावर नव्हे.

शाळेसाठी एक प्रयोग

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. कुसळाइतके स्वस्त विज्ञान-साहित्य दुसरे नाही. कार्तिकात पिकलेली कुसळे जपून गोळा करा आणि काचेच्या बरणीत कोरडी ठेवा. मुलांसमोर एक कुसळ पाटीवर ठेवून पिळलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडा. थोड्याच वेळात ते जिवंत किड्यासारखे वळू लागेल. मुले ओरडतील, ओरडू द्या.

मग दुसरे कुसळ घ्या. दाण्याची बाजू पुठ्ठ्याला भोक पाडून मेणाने घट्ट बसवा, म्हणजे कुसळ वर उभे राहील. त्याच्या शेंड्याचे आडवे टोक घड्याळाच्या काट्यासारखे उपयोगी पडते. त्याभोवती पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून खुणा करा. दमट दिवशी काटा एका बाजूला फिरेल, कोरड्या दिवशी दुसऱ्या. हवेतला दमटपणा दाखवणारे यंत्र तयार झाले. इंग्लंडातल्या रॉबर्ट हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात रानटी ओटच्या कुसळाचे असेच यंत्र वर्णन केले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याने जे केले ते किकवीच्या शाळेतल्या मुलाला एका तासात करता येईल. त्याने रोज सकाळी काट्याची जागा वहीत लिहून ठेवली, तर महिन्याभरात दव, धुके आणि ऊन यांचा हिशेब त्याचा तोच मांडू लागेल. आणि एवढे करणारा मुलगा पुढे डोंगराला काडी लावायला धजणार नाही, अशी मला आशा वाटते, कारण आगीनंतर काय उगवते हे त्याला कळलेले असेल.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, कुसळी आपल्या डोंगरावर आपल्या आधीपासून आहे. ती घालवण्याची गरज नाही आणि ती जाणारही नाही. तिला चारा म्हणून घरी आणायचे की काटा म्हणून पायात घ्यायचे, हे ज्या महिन्यात विळा चालतो त्या महिन्यावर ठरते. यंदा पोळा झाला की एकदा आपल्या उतारावर जाऊन कणसे पाहून या. कुसळे अजून मऊ आणि हिरवी असतील, तर विळ्याला धार लावायला उशीर करू नका.